सरकारी लिलावातले जुने डिजिटल कॅमेरे: नागपुरात कुठे शोधायचे, कसे पाहायचे, कितीपर्यंत बोलायचं

नागपुरात सरकारी ऑफिसांची काही कमी नाही. सिव्हिल लाइन्स ते सेमिनरी हिल्स एक चक्कर मारा, इंडियन ब्युरो ऑफ माइन्स, जीएसआय, वेकोलिचं मुख्यालय, वनभवन, सीजीओ कॉम्प्लेक्स, मग तिकडे नीरी, विद्यापीठ, मेडिकल, मेयो. अशा ठिकाणी फील्डचे, साइटचे, तपासणीचे, पेशंटचे, आणि काहीच नाही तं उद्घाटनाचे फोटो लागतातच. मोबाइलचा कॅमेरा सुधरायच्या आधी या कामाला डिजिटल कॅमेरा लागायचा, तो स्टोअरमधून इश्यू व्हायचा, रजिस्टरवर सही व्हायची, मग हातोहाती मोबाइल आले आणि कॅमेरा कपाटात गेला तो गेलाच. आता हेच कॅमेरे थोडे थोडे लिलावात निघतात. ज्याला फोटोग्राफी शिकायची आहे, अंबाझरी-गोरेवाड्याला पक्षी पाहायला जायचं आहे, पण नवीन डीएसएलआर, म्हंजे लेन्स बदलता येते तो मोठा कॅमेरा, घ्यायला पैसे नाहीत, त्याच्यासाठी हा खूप चांगला रस्ता आहे असं मला मनापासून वाटते. चांगला चालू कॅमेरा तुटक्या खुर्च्या आणि यूपीएससोबत भंगारात जातो तेव्हा खरंच जीव जळतो.

आता शोधायचं कसं. जाहिरातीत "कॅमेरा" हा शब्द शोधत बसाल तं काहीच हाती लागणार नाही, कारण कॅमेऱ्याचा वेगळा लिलाव जवळपास कोणी करतच नाही. केंद्र सरकारच्या ऑफिसांना जनरल फायनान्शियल रूल्स २०१७ लागू आहेत, त्यात नियम २१७ पासून पुढे जुन्या मालाची विल्हेवाट कशी लावायची ते दिलं आहे. माल सरप्लस (गरजेपेक्षा जास्त), ऑब्सोलीट (कालबाह्य) की अनसर्व्हिसेबल (वापरता न येणारा) हे आधी ठरवायचं, मग त्याची उरलेली किंमत काढायची, आणि ती २ लाखांच्या वर असली तं जाहीर टेंडर किंवा जाहीर लिलाव करायचा. त्याच्या खाली असली तं कसं विकायचं ते तिथला सक्षम अधिकारी ठरवतो. आता चार जुन्या कॅमेऱ्यांची किंमत ती काय, म्हणून ते कॉम्प्युटर, प्रिंटर, एसी, कूलर, फॅक्स मशीन यांच्यासोबत एकाच लॉटमधे टाकून देतात. म्हणून शोधायचे शब्द वेगळे: "निरुपयोगी साहित्य", "जुने कार्यालयीन साहित्य", "ऑफिस इक्विपमेंट", "कंडेम्ड", "अनसर्व्हिसेबल आयटम्स", "मिसलेनियस स्टोअर्स". अशी जाहिरात दिसली की सोबतची यादी उघडायची आणि ती शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची, कॅमेरा बहुतेक वेळा "इतर" मधे असतो, किंवा नुसतं "डिजिकॅम" लिहिलेलं असते, किंवा कंपनीचा नुसता मॉडेल नंबर टाकलेला असतो. तो नंबर मोबाइलवर सर्च करून पाहायचा म्हंजे नेमका कोणता कॅमेरा ते समजते.

राज्य सरकारच्या ऑफिसात शब्द अजून वेगळा आहे, तिथे "निर्लेखन" म्हणतात. जडसंग्रह नोंदवहीत, म्हंजे डेड स्टॉक रजिस्टरमधे, जी वस्तू चढलेली आहे ती काढून टाकायला निर्लेखनाची मंजुरी लागते, आणि मंजुरी आल्यावर मग लिलावाची सूचना निघते किंवा बंद लिफाफ्यात दरपत्रकं मागवतात. जिल्हा परिषद, कृषी, वन, पाटबंधारे, सरकारी कॉलेजं, सगळीकडे हीच पद्धत. यातल्या लहान लिलावांची सूचना बरेचदा फक्त ऑफिसच्या नोटीस बोर्डावर आणि एखाद्या स्थानिक पेपरात कोपऱ्यात येते, ऑनलाइन कुठेच नसते, म्हणून कामानिमित्त कोणत्याही ऑफिसात गेले की दोन मिनिटं बोर्ड वाचत जा. आणि भांडारपालाला विचारायला लाजू नका. "साहेब, जुन्या सामानाचा लिलाव असला तं सांगा ना" एवढं म्हटलं, नाव आणि मोबाइल नंबर लिहून दिला, की बरेच जण खरंच फोन करतात, कारण त्यांनाही ते कपाट रिकामं करायचं असते आणि बोली लावणारे लोक पाहिजे असतात. आर्थिक वर्ष संपायच्या आधीचे महिने, डिसेंबर ते मार्च, या चौकशीला चांगले, वर्षअखेरीच्या साफसफाईत बऱ्याच फायली हालतात.

ऑनलाइनमधे मुख्य नाव एमएसटीसी. ही केंद्राची कंपनी, १९६४ सालची, मुख्यालय कोलकात्याला, आणि सरकारी कंपन्या, डिफेन्स, कस्टम्स असे कितीतरी विभाग आपले ई-लिलाव तिच्यामार्फत करतात. तिथे खरेदीदार म्हणून नोंदणी करावी लागते, पॅन, ओळखपत्र, बँकेची माहिती, नोंदणी फी वगैरे, आणि लिलावाच्या आधी बयाणा रक्कम भरावी लागते. ही नोंदणी लिलावाच्या आदल्या दिवशी करायला बसू नका, कागद तपासायला वेळ जातो. जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवरही फॉरवर्ड ऑक्शन म्हणून भाग आहे, तिथे सरकारी विभाग आपलं जुनं सामान विकायला टाकतात, तोही अधूनमधून पाहत राहा, राज्य आणि शहर निवडून. रेल्वेचे लिलाव आयआरईपीएस या तिच्या पोर्टलवर होतात पण तिथे जास्त करून लोखंड, रूळ, जुने डबे असा माल, कॅमेऱ्यासाठी तिथे वेळ घालवू नये असं माझं मत.

इथे एक अडचण आहे, ती आधीच समजून घ्या. ई-कचऱ्याचे नवे नियम, ई-वेस्ट मॅनेजमेंट रूल्स २०२२, १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. मोठ्या ग्राहकांनी, म्हंजे मोठ्या ऑफिसांनी, आपला इलेक्ट्रॉनिक कचरा फक्त नोंदणीकृत उत्पादक, रिफर्बिशर (दुरुस्त करून परत वापरात आणणारे) किंवा रिसायकलर यांनाच द्यायचा असं त्यात आहे. म्हणून एखादा लॉट "ई-वेस्ट" म्हणून निघाला असला तं त्यात तुम्ही-आम्ही बोली लावूच शकत नाही, पात्रतेतच ते लिहिलेलं असते. जो लॉट "सरप्लस" किंवा "जुनं पण वापरण्याजोगं" म्हणून निघते तोच आपल्या कामाचा. यादीच्या आधी पात्रतेची अट वाचा, नाही तं पूर्ण दिवस हिशेब मांडून शेवटी समजते की आपल्याला प्रवेशच नाही.

कस्टम्सचा माल वेगळा असतो. कस्टम्स कायदा १९६२ खाली जप्त होऊन सरकारजमा झालेला, किंवा कोणी सोडवायलाच न आलेला, म्हणून कधी कधी चक्क डब्यातला नवा कॅमेराही निघतो. पण लॉट मोठे असतात, बोलीवाले व्यापारी असतात, आणि डब्यावर वॉरंटीचं कार्ड असलं तरी ती वॉरंटी इथे चालेल असं धरू नका. पोलिसांकडचा बेवारस आणि मुद्देमालातला माल जाहीर उद्घोषणा करून, दावेदार यायला ६ महिने वाट पाहून, मग कोर्टाच्या किंवा अधिकाऱ्याच्या आदेशानं विकतात, त्यात गाड्याच जास्त, कॅमेरा क्वचित. डिफेन्सच्या लिलावात आत जायलाच ओळखपत्र आणि आधी परवानगी लागते, एका कॅमेऱ्यासाठी एवढं करायची गरज नाही.

आणि हे नीट वाचा: "कस्टम्समधे पकडलेले कॅमेरे, अर्ध्या किमतीत, आजच बुक करा" असे मेसेज व्हॉट्सॅप-इन्स्टावर फिरतात ते सगळे खोटे. कोणतंही सरकारी ऑफिस असं मेसेज करून माल विकत नाही. लिलावाचा पैसा पोर्टलवर, चलनानं, ऑफिसच्या नावाच्या डीडीनं, किंवा लिलावात पावतीवर जातो. कोणाच्या पर्सनल यूपीआयवर "टोकन" मागितलं की तिथेच थांबा, मग तो माणूस कितीही गोड बोलो आणि कितीही ओळखपत्रं दाखवो.

आता पाहणी. सगळ्या गाइडमधला हाच भाग महत्त्वाचा आहे म्हणून इथे मी जास्त लिहितो आहे. प्रत्येक नोटिशीत "जसं आहे जिथं आहे" असं लिहिलेलं असते, आणि त्याचा अर्थ एकदम सरळ आहे, घेतल्यावर कॅमेऱ्यात लेन्सच नाही असं निघालं तरी कोणी पैसे परत देणार नाही. म्हणून पाहणीसाठी जे दिवस आणि वेळ दिली असते, बहुतेक कामाच्या दिवशी ११ ते ४ वगैरे, तेव्हा प्रत्यक्ष जायचं. फोटो पाहून बोली लावायची नाही. पाहणीला जमत नसेल तं तो लॉट सोडून द्या, दुसरा येईल.

जाताना बॅगेत काय न्यायचं: एक चांगला लहान टॉर्च, चार्ज केलेले चार डबल-ए निकेल मेटल हायड्राइड सेल, एक २ जीबीचं साधं एसडी कार्ड आणि एक ८ किंवा १६ जीबीचं, जमलं तं एक कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड, स्वच्छ कापड, वही. यादीत मॉडेलचा नंबर दिलेला असला तं त्याची बॅटरी कोणा ओळखीच्या फोटोग्राफरकडून उसनी घ्या, हे सगळ्यात कामाचं. निकॉन डी९०, डी८०, डी२००, डी३०० या सगळ्यांना ईएन-ईएल३ई लागते, डी३१०० आणि डी५१०० ला ईएन-ईएल१४, डी७००० ला ईएन-ईएल१५. कॅननमधे ५५०डी आणि ६००डी ला एलपी-ई८, ११००डी ला एलपी-ई१०, ५डी मार्क टू आणि ७डी ला एलपी-ई६. दोन-तीन बॅटऱ्यांत बरेच कॅमेरे तपासून होतात. तिथे गेल्यावर "मॅडम, बॅटरी लावून फक्त चालू करून पाहू का?" असं आधी विचारायचं, विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. काही ठिकाणी हो म्हणतात, काही ठिकाणी नुसतं पाहू देतात. नुसतं पाहूनही खूप समजते.

आधी बॅटरीचं झाकण उघडा. डबल-ए सेलवाल्या लहान कॅमेऱ्यात सेल आतच राहून फुटलेले असतात, स्प्रिंगवर पांढरी-हिरवी भुकटी दिसते. थोडी असली तं साफ होते, पण ती आतल्या सर्किटकडे गेलेली दिसली तं त्या कॅमेऱ्याची किंमत शून्य धरा. लिथियमची बॅटरी फुगून आत अडकली असली तं स्क्रूड्रायव्हरनं उचकटू नका, तिथेही नाही आणि घरीही नाही, लिथियमला भोक पडलं की पेट घेते. आपल्या नागपूरच्या उन्हाळ्यात, ४५-४६ डिग्रीत, बंद खोलीतल्या लोखंडी कपाटात वर्षानुवर्षं पडलेल्या बॅटऱ्यांचं असं होणारच. त्याच गरमीनं डीएसएलआरच्या पकडीचं रबर चिकट होते, सैल होऊन निघते, ते मात्र फक्त दिसायला वाईट, त्यानं फोटो बिघडत नाही, उलट त्यामुळे बाकीचे लोक बोली कमी लावतात.

मग लेन्स. टॉर्च लेन्सच्या मागच्या बाजूनं तिरपा मारा आणि समोरून आत पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले म्हंजे बुरशी. उन्हाळ्याची गरमी गेली की जुलै ते सप्टेंबर दमट हवा, आणि कॅमेरा कापडी बॅगेत, म्हणून बुरशी इथे खूप सापडते. कडेला एखाद-दुसरा धागा असला तं फोटोवर फरक पडत नाही, दुरुस्ती करणारा साफ करून देतो. पूर्ण काचेवर पसरलेली असली, किंवा काचेचा थरच खाल्लेला दिसला, तं ती लेन्स हिशेबातून काढा. डीएसएलआरची लेन्स काढून आरशाच्या खोलीतही टॉर्च मारा, आरसा तुटलेला नाही, शटरच्या पात्या वाकलेल्या नाहीत, मेमरी कार्डाच्या जागेतले पिन सरळ आहेत, एवढं पाहा. कॉम्पॅक्ट फ्लॅशवाल्या कॅमेऱ्यात पिन वाकण्याची तक्रार जास्त.

चालू करता आला तं: लहान कॅमेऱ्याची लेन्स बाहेर येऊन नीट आत जाते का, घरघर करून "लेन्स एरर" देते का. असा एरर बहुतेक धुळीच्या कणानं किंवा कॅमेरा पडल्यानं येतो, आणि लहान कॅमेऱ्यात त्याची दुरुस्ती परवडत नाही. मग एक फोटो काढा, भिंतीचा, आणि एक खिडकीबाहेरचा. फोटो काळाच आला, किंवा जांभळ्या रेघा आणि वितळल्यासारखं चित्र आलं, तं सेन्सर गेलेला. २००२ ते २००५ च्या आसपासच्या खूप लहान कॅमेऱ्यांत हा प्रॉब्लेम ठरलेला आहे, सोनीनं बनवलेले काही सीसीडी सेन्सर गरम आणि दमट हवेत निकामी व्हायचे, आणि तेच सेन्सर कॅनन, निकॉन, फुजी, ऑलिम्पस अशा दुसऱ्या कंपन्यांच्या कॅमेऱ्यांतही होते. २००५ मधे कंपन्यांनी तसं जाहीर करून फुकट दुरुस्तीही दिली, पण ती सोय कधीचीच बंद झाली. म्हणून त्या काळातला लहान कॅमेरा चालू करून न पाहता घ्यायचाच नाही.

कार्ड कोणतं लागते तेही पाहा, यावर खूप लोक लक्ष देत नाहीत. जुन्या ऑलिम्पस आणि फुजीमधे एक्सडी कार्ड लागते, ते २ जीबीच्या वर कधी आलंच नाही आणि आता बनतही नाही. जुन्या सोनीत मेमरी स्टिक. काही जुने एसडीवाले कॅमेरे फक्त २ जीबीपर्यंतचंच कार्ड ओळखतात, ८ जीबी टाकलं की "कार्ड एरर", आणि पाहणाऱ्याला वाटते कॅमेराच खराब आहे. म्हणूनच ते साधं २ जीबीचं कार्ड सोबत न्यायला सांगितलं. एक्सडीवाला कॅमेरा कार्डासकट मिळत असला तरच घ्या.

डीएसएलआरमधे शटर किती वेळा चाललं हे पाहायचं असते. निकॉनच्या फोटोत तो आकडा आपोआप लिहिला जातो, तिथे एक फोटो काढून आपल्या कार्डावर आणला की घरी एक्झिफ, म्हंजे फोटोच्या फाइलमधे लपलेली माहिती, पाहून समजते. कॅननच्या जुन्या मॉडेलांत तो फोटोत येत नाही. कंपनीनं डी९० चं शटर १ लाख, डी७००० आणि ५डी मार्क टू चं दीड लाखापर्यंत तपासलेलं आहे. लग्नाच्या फोटोग्राफरकडचा जुना कॅमेरा घेतला तं हा आकडा भरत आलेला असतो. ऑफिसातला कॅमेरा वर्षातून काही कार्यक्रमांपुरता बाहेर निघालेला, त्याचं शटर कमी चाललेलं आणि पडून राहणं जास्त झालेलं असते, म्हणून सरकारी कॅमेऱ्यात मी शटरपेक्षा बुरशी आणि बॅटरीकडे जास्त पाहतो.

कॅमेऱ्याच्या नादात लेन्स विसरू नका. बॉडी जुनी होते, लेन्सला तेवढं वय लागत नाही. डेंटल, फॉरेन्सिक, संशोधन अशा कामाला मॅक्रो लेन्स (अगदी जवळून फोटो काढायची) आणि रिंग फ्लॅश वापरतात, आणि यादीत ते नुसतं "लेन्स १ नग" असं येते, त्या एका नगाची किंमत कधी कधी पूर्ण लॉटएवढी निघू शकते. निकॉनचं एक लक्षात ठेवा, डी३१००, डी५१०० अशा लहान बॉडीत फोकसची मोटर नसते, स्वतःची मोटर नसलेली जुनी एएफ (ऑटोफोकस) लेन्स लावली तं हातानं फोकस करावा लागते, डी९० आणि डी७००० मधे मोटर आहे. शिकणाऱ्याला एकच घ्यायचा असेल तं माझं मत डी९० ला, २००८ चा आहे, १२ मेगापिक्सेल, पण मजबूत, दोन डायल, आणि जुन्या स्वस्त लेन्सही त्यावर चालतात.

आता कितीपर्यंत बोलायचं. हिशेब मागून पुढे करायचा. समजा एका लॉटमधे २ डीएसएलआर आणि १० लहान कॅमेरे आहेत (आकडे फक्त समजण्यासाठी, बाजारभाव तुम्ही त्या दिवशी पाहून घ्या). पाहणीत वाटलं की एक डीएसएलआर नक्की चालते आणि लहान्यांपैकी ४ चालतात, बाकी सगळे शून्य धरायचे. चालू डीएसएलआर लेन्ससकट ८,००० ला, लहान प्रत्येकी १,२०० ला गेला तं ४,८००, एकूण १२,८००. यातून बॅटऱ्या-चार्जर-कार्ड २,५००, साफसफाई-दुरुस्ती १,५००, ऑटोचे ३०० काढा, राहिले ८,५००. आता नोटिशीत "जीएसटी वेगळा" लिहिलं असला आणि तो १८ टक्के असला, तं ८,५०० ला १.१८ नं भागायचं, म्हंजे ७,२०० च्या जवळपास. ही झाली शेवटची रेषा, इथे फायदा शून्य. तुमची मेहनत आणि न दिसलेले दोष धरून ६,००० वर थांबायचं. स्क्रॅप म्हणून विकत असतील तं वरून टीसीएस, म्हंजे विकणाऱ्यानं वसूल करायचा आयकर, तोही लागते, तेही नोटिशीत पाहा. हा आकडा घरीच कागदावर लिहून खिशात ठेवा, कारण बोली चढायला लागली की डोकं वेगळंच चालते, समोरचा ५०० वाढवतो आपण ५०० वाढवतो, आणि पाहता पाहता दुकानातल्या सेकंडहँड कॅमेऱ्याच्या वर जाऊन बसतो.

प्रत्यक्ष लिलावात तासभर आधी पोचा. ओळखपत्र, पॅन, अनामत रक्कम, नोटिशीची प्रिंट. केंद्राच्या नियमात असं आहे की सुरुवातीला मालाची अवस्था, जागा आणि अटी परत एकदा सगळ्यांसमोर सांगायच्या, तेव्हा कान देऊन ऐका, शंका असली तं तेव्हाच विचारा. तुमची बोली मंजूर झाली की बोलीच्या किमान २५ टक्के रक्कम तिथल्या तिथे भरावी लागते आणि बाकीचे पैसे भरल्याशिवाय माल मिळत नाही, म्हणून तेवढी तयारी करूनच जा. ई-लिलावात एक गोष्ट वेगळी, काही लॉट "मंजुरीच्या अधीन" असतात, तुमची बोली सगळ्यात वर राहिली तरी विभागाचा होकार येईपर्यंत माल तुमचा नाही, तोपर्यंत बॅटऱ्या मागवायची घाई करू नका. माल उचलायची मुदतही असते, ती चुकली तं जागाभाडं लागते आणि पुढे पैसेही जप्त होऊ शकतात.

आणि पूर्ण लॉट परवडत नसेल तर? बहुतेकांना नाहीच परवडत, त्यात २० यूपीएस आणि १५ कूलर असतील तं ते कुठे ठेवणार. तिथे आलेल्या कबाडीवाल्यांशी बोला. ते लोक मालाचा भाव एका नजरेत सांगतात, त्यांना तांबं, शिसं, लोखंड पाहिजे असते, आणि कॅमेऱ्यात यातलं जवळपास काहीच निघत नाही. लिलाव सुरू व्हायच्या आधी सरळ म्हणायचं, "भाऊ, लॉट तुम्ही घेतला तं कॅमेऱ्याचा डबा मला द्या, एवढे देतो." आदरानं बोललं तं बहुतेक जण तयार होतात आणि पुढच्या लिलावाची खबरही देतात. पण त्यांच्याकडून घेताना सुटका आदेशाची म्हंजे डिलिव्हरी ऑर्डरची झेरॉक्स आणि त्यांच्या सहीची एक चिठ्ठी घ्या, ज्यात कॅमेऱ्यांचे सीरियल नंबर लिहिलेले असतील.

हा कागद काहून एवढा महत्त्वाचा? कारण सरकारी कॅमेऱ्यावर पांढऱ्या रंगानं ऑफिसचं नाव, रजिस्टरचा पान नंबर, साल असं काहीतरी लिहिलेलं असते. उद्या तुम्ही तो विकायला किंवा रिपेअरला नेला आणि कोणी विचारलं की हा सरकारी कॅमेरा तुमच्याकडे कसा, तं तोंडी उत्तर कामाचं नाही. तो नंबर खोडू नका, कागदासोबत तो नंबर जुळतो तेव्हाच सगळ्यांची खात्री पटते. पावती, डिलिव्हरी ऑर्डर, गेट पास, तिघांचे फोटो काढून ठेवा आणि कॅमेरा पुढे कोणाला विकला तं त्यांनाही एक प्रत द्या.

आतमधे जुनं मेमरी कार्ड निघालं तं त्याचं काय? नियमानं ऑफिसनं ते आधीच काढायला पाहिजे, पण राहून जाते. ऑफिसातच दिसलं तं तिथेच काढून भांडारपालाच्या हातात द्या. घरी आल्यावर दिसलं तं फोन करून विचारा, परत मागितलं तं परत नेऊन द्या, नको म्हटलं तं उघडून न पाहता फॉरमॅट करा. त्यात कोणाच्या जखमांचे, अपघाताचे, पेशंटचे फोटो असू शकतात. रिकव्हरीचं सॉफ्टवेअर लावून "काय आहे ते पाहू" असं कधीच करू नका, त्या फोटोतल्या माणसांनी तुम्हाला परवानगी दिलेली नाही.

घरी आणल्यावर घाई नको. जुन्या बॅटऱ्या चार्ज करायचा प्रयत्न करत बसण्यापेक्षा नवीन घ्या, सिताबर्डीत "मोदी नंबर" नावाच्या गल्ल्यांमधे विचारलं तं बऱ्याच मॉडेलच्या दुसऱ्या कंपनीच्या बॅटऱ्या मिळून जातात, आणि एक क्लिपवाला युनिव्हर्सल चार्जर घेतला की वेगवेगळ्या कॅमेऱ्यांचं काम भागते. सेल फुटलेल्या जागी कानातल्या काडीला थोडा लिंबाचा रस किंवा व्हिनेगर लावून पुसा, ती भुकटी अल्कलीची असते म्हणून आंबटानं विरते, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून पूर्ण वाळू द्या. डीएसएलआर चालू केल्यावर दर वेळी तारीख-वेळ मागत असला, "क्लॉक" लुकलुकत असलं, तं घाबरू नका, आतली लहान बॅटरी रिकामी झाली आहे, बऱ्याच मॉडेलमधे ती मुख्य बॅटरीवरच चार्ज होते, चार्ज केलेली बॅटरी दोन दिवस आत राहू द्या. सेन्सरवरची धूळ पाहायला अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) लहान करून, एफ १६ किंवा २२ वर, पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा, काळे ठिपके दिसले तं आधी हातानं दाबायच्या ब्लोअरनं हवा मारा, तोंडानं फुंकू नका.

फ्लॅशवाला कोणताही कॅमेरा स्वतः खोलू नका, हे लहान मुलांच्या हातात देणार असाल तं जास्तच. फ्लॅशच्या कपॅसिटरमधे ३०० व्होल्टच्या आसपास साठवलेलं राहू शकते, बॅटरी काढली तरी काही वेळ राहते. खोलायचं काम रिपेअरवाल्याचं.

पावसाळ्याआधी हवाबंद डबा आणि सिलिका जेल घ्या, जेल रंग बदलणारं असलं तं बरं, रंग गेला की गरम करून परत वापरता येते. जे कॅमेरे चालतच नाहीत त्यांच्या बॅटऱ्या, चार्जर, केबल, लेन्सचं झाकण, सगळं काढून ठेवा, त्याच मॉडेलचा दुसरा पुढच्या लॉटमधे येतोच. उरलेलं सामान घंटागाडीत टाकू नका, नोंदणीकृत ई-कचरा केंद्रावर द्या, आणि फुगलेल्या बॅटऱ्या टोकांना चिकटपट्टी लावून वेगळ्या पिशवीत.